शिरस्ता, सराव, अंमल : कृतीच्या शब्दांची मुळे कशी शोधावीत

एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करणे, पूर्वीपासून करत येणे आणि प्रत्यक्ष करून दाखवणे, या तीन गोष्टींसाठी मराठीत शब्दांची मोठी श्रीमंती आहे. सराव, अभ्यास, रियाज, तालीम, कसरत; सवय, वळण, वहिवाट, प्रघात, पायंडा, शिरस्ता, रिवाज, रूढी; व्यवहार, अंमल, वापर, प्रयोग, प्रात्यक्षिक आणि आता प्रॅक्टिस. यांतले काही संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले आहेत, काही प्राकृताच्या वाटेने झिजत आले, काही निजामशाही-आदिलशाहीच्या कचेऱ्यांतून फारसीच्या द्वारे आले आणि थोडे इंग्रजी अमदानीतल्या कोर्टांनी व दवाखान्यांनी दिले. कोशात यांतल्या अनेकांपुढे 'चाल, रीत, वहिवाट' असा जवळजवळ एकच अर्थ लिहिलेला आढळतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला, अनुवाद करणाऱ्याला आणि भाषा शिकवणाऱ्याला त्यांतला फरक हाती लागत नाही. तो फरक कसा ओळखावा आणि शब्दाचे मूळ कसे पडताळून पाहावे, याची एक रीत येथे मांडली आहे. ती याच शब्दांवर चालवून दाखवली आहे, कारण व्युत्पत्तीच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका गटात भेटतात.

आधी सोबतचे क्रियापद पाहावे

कोश उघडण्यापूर्वी शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतो हे कागदावर लिहून काढावे. हे काम क्षुल्लक वाटते, पण अर्थाचा निम्मा उलगडा येथेच होतो. सराव आपण करतो. सवय मात्र लागते, जडते, आणि ती मोडावी लागते. प्रघात पडतो, पायंडा पडतो किंवा कोणी तो पाडतो. शिरस्ता असतो. वळण लागते किंवा लावले जाते. रिवाज पाळला जातो. म्हणजे सरावात करणाऱ्याची इच्छा आहे, सवयीत ती मागे सरली आहे, आणि प्रघातात एकट्या माणसाचे काम राहिलेलेच नाही. पुष्कळांच्या येण्याजाण्याने रानात पायवाट पडते त्याच अर्थाने येथे 'पडणे' आले आहे. एका व्यक्तीच्या बाबतीत 'त्याला लवकर उठण्याचा प्रघात आहे' हे वाक्य कानाला खटकते, आणि 'गावात पालखी या वाटेने नेण्याची सवय आहे' हेही तितकेच खटकते, त्याचे कारण हेच.

एकच शब्द दोन क्रियापदांबरोबर दोन अर्थ देतो, हेही याच टप्प्यावर दिसते. 'मुलगी पेटीचा सराव करते' येथे सराव म्हणजे मुद्दाम केलेली पुनरावृत्ती. 'त्यांना उन्हात काम करायचा सराव आहे' येथे मात्र तो सवयीच्या अगदी जवळ आला आहे. 'डोळे अंधाराला सरावले', 'हात कामाला सरावला' या प्रयोगांतले 'सरावणे' हे क्रियापद दुसऱ्या अर्थाचे आहे, आणि 'सराईत' हे विशेषणही त्याच बाजूला झुकते. सराईत गुन्हेगार हा गुन्ह्याचा सराव करणारा नसतो. त्याचा हात त्या कामाला बसलेला असतो.

अभ्यास आणि सराव यांतला मराठी फरकही असाच पकडता येतो. सामन्याआधी संघ सराव करतो आणि प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाचा अभ्यास करतो. हिंदीत पहिल्या ठिकाणीही अभ्यासच येतो, आणि हिंदी मजकुरावरून घाईने केलेल्या बातम्यांत 'अभ्यास सामना', 'युद्धाभ्यास' असे शब्द शिरतात. मराठीत 'सराव सामना' आणि 'युद्धसराव' हे रुळलेले शब्द असताना ते सोडण्याचे काही कारण नाही.

उपसर्ग वेगळा करावा, मग धातू ओळखावा

संस्कृत वळणाचा शब्द असेल तर त्याचे उपसर्ग सोडवून धातूपर्यंत जावे. अभ्यास या शब्दात 'अभि' हा उपसर्ग आहे आणि 'अस्' हा धातू आहे. मात्र येथे थांबून कोणता 'अस्' हे विचारावे लागते. 'असणे' या अर्थाचा एक अस् आहे आणि 'फेकणे, टाकणे' या अर्थाचा दुसरा आहे, ज्याचे रूप 'अस्यति' असे होते. अभ्यास दुसऱ्यापासून आला. याच धातूला 'नि' लागून न्यास होतो, म्हणजे खाली ठेवणे, ठेव. विश्वस्त संस्थेला न्यास म्हणतात तो हाच. 'सम्' आणि 'नि' लागून संन्यास होतो, 'निर्' लागून शंकेचा निरास होतो. उपासना हा शब्द दिसायला जवळचा असला तरी तो 'बसणे' या अर्थाच्या 'आस्' धातूचा आहे. म्हणून अभ्यासाशी त्याचे नाते लावू नये.

एकाच दिशेने पुन्हा पुन्हा टाकणे, यावरून पुनरावृत्ती हा अर्थ आला, आणि संस्कृत व्याकरणात तो अगदी शब्दशः टिकला आहे. 'ददाति' या रूपात 'दा' धातूचे द्वित्व होते, आणि त्या जोडीतल्या पहिल्या भागाला पाणिनीने 'पूर्वोऽभ्यासः' या सूत्रात अभ्यास हेच नाव दिले आहे. पतंजलीच्या योगसूत्रात 'तत्र स्थितौ यत्नोऽभ्यासः', म्हणजे चित्त स्थिर राहावे यासाठी केलेला यत्न तो अभ्यास, असे म्हटले आहे, आणि तो दीर्घकाळ, खंड न पडता व आदराने केला तर दृढ होतो असे पुढच्याच सूत्रात सांगितले आहे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातली 'म्हणौनि अभ्यासासी कांहीं । सर्वथा दुष्कर नाहीं' ही ओवी आणि तुकाराम महाराजांचे 'असाध्य ते साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे' हे चरण वाचताना हा जुना अर्थ मनात ठेवला पाहिजे. तेथे अभ्यास म्हणजे पुस्तक घेऊन बसणे नव्हे. शाळेतला अभ्यास हा त्या शब्दाचा नंतर आकसलेला अर्थ आहे, आणि आज तोच पहिल्यांदा आठवतो म्हणून जुना मजकूर चुकीचा वाचला जाण्याचा धोका राहतो.

पद्धत या शब्दाची फोड अनेकांना आश्चर्याची वाटते. पद् म्हणजे पाय आणि हति म्हणजे आघात. पायांच्या आघाताने मळलेली वाट ती पद्धति. 'हति' हे रूप 'हन्' धातूचे आहे, आणि प्रघात शब्दातला 'घात' हाही त्याच धातूचा आहे. संस्कृतात प्रघात म्हणजे आघात, लढाई. मराठीत त्याला चाल हा अर्थ आला आहे आणि मूळ अर्थ पूर्ण पुसला गेला आहे. पायंड्यात पाय उघड दिसतो. वहिवाटीत वाट आहे, आणि ती वाहती राहिली म्हणून वहिवाट झाली हे मराठी कानाला आपोआप समजते. 'वाट' हा शब्द प्राकृतातल्या 'वट्ट'वरून आला आणि त्याच्या मुळाशी 'वृत्' हा धातू आहे, ज्यापासून वर्तन, वृत्ती, प्रवृत्ती, आवृत्ती हे शब्द होतात. एवढे शब्द पायाशी आणि वाटेशी बांधलेले आहेत, हे स्वतंत्रपणे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

वहिवाट हा शब्द आज सर्वांत जिवंत आहे तो महसुली कामकाजात. शेताची वहिवाट कोण करतो असे विचारले जाते तेव्हा प्रश्न कब्जाचा व कसण्याचा असतो. वहिवाटीचा रस्ता म्हटले की प्रश्न जाण्यायेण्याच्या हक्काचा असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असा हक्क दीर्घ उपभोगाने मिळण्यासाठी शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वापर असावा लागतो असे तत्त्व आहे. खंड न पडता दीर्घकाळ, ही अट योगसूत्रातल्या अभ्यासालाही आहे आणि वहिवाटीलाही आहे.

तद्भव शब्दांत ध्वनीचा नियम शोधावा

प्राकृतातून झिजत आलेल्या शब्दात उपसर्ग उघड दिसत नाही, म्हणून तेथे ध्वनिबदलाचा आधार घ्यावा. दोन स्वरांमधला 'प' मराठीत बहुधा 'व' होतो: दीपचा दिवा, कपाटचे कवाड. हा नियम हाती असला की वावरणे, वापरणे आणि व्यापार हे तीन शब्द एकमेकांशेजारी ठेवता येतात. तिघांच्याही मागे 'वि' व 'आ' हे उपसर्ग लागलेला 'पृ' धातू, म्हणजे 'कामात गुंतणे' हा अर्थ, दाखवला जातो. वावरणे पूर्ण झिजले, वापरणे अर्धवट झिजले आणि व्यापार मात्र संस्कृतातूनच उचललेला राहिला. नियमाशिवाय केवळ सारख्या आवाजावरून नाते लावणे ही या शास्त्रातली सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक गोष्ट आहे.

त्याचा उत्तम नमुना म्हणजे प्रात्यक्षिक आणि प्रॅक्टिकल. विज्ञानाच्या परीक्षेत दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात आणि दोन्ही 'प्र'ने सुरू होतात, त्यामुळे एकावरून दुसरा बेतला असावा असे वाटते. प्रत्यक्षात प्रात्यक्षिक हा 'प्रति' आणि 'अक्ष' यांपासून झाला आहे. अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यासमोर ते प्रत्यक्ष, डोळ्याआड ते परोक्ष, डोळ्यादेखत ते समक्ष. प्रॅक्टिकल आणि प्रॅक्टिस हे शब्द इंग्रजीत फ्रेंच व लॅटिनच्या मार्गाने ग्रीकमधून आले, आणि त्यांच्या मुळाशी 'प्रात्तेइन', म्हणजे करणे, हे ग्रीक क्रियापद आहे. 'प्राग्मा' म्हणजे केलेली गोष्ट, कृत्य, हा शब्दही तेथलाच. म्हणजे एका शब्दाचा भर पाहण्यावर आहे आणि दुसऱ्याचा करण्यावर. मराठीत डॉक्टरची प्रॅक्टिस, वकिलाची प्रॅक्टिस आणि क्रिकेटच्या नेटमधली प्रॅक्टिस हे तिन्ही अर्थ इंग्रजीबरोबर आले आणि टिकले. पहिल्या दोन अर्थांना एका शब्दात सामावणारा मराठी पर्याय रूढ नाही, म्हणून तेथे प्रॅक्टिस हाच शब्द वापरण्यात संकोच करू नये. तिसऱ्या अर्थाला सराव आहेच.

अरबी-फारसी शब्दात मूळ अक्षरे तपासावीत

देवनागरीत लिहिताना अरबी लिपीतली अनेक वेगवेगळी अक्षरे एक होतात. से, सीन आणि स्वाद ही तिन्ही अक्षरे मराठीत 'स' झाली, काफ आणि क़ाफ ही दोन्ही 'क' झाली, आणि ऐन बहुधा नुसत्या स्वरात विरून गेला. त्यामुळे मराठीत भावंडे वाटणारे शब्द मुळात परके असू शकतात. कसब म्हणजे कौशल्य. मूळ अरबी अर्थ कमाई, मिळवणे, आणि अक्षरे काफ, सीन, बे. कसबा म्हणजे गाव, पेठ. त्याची अक्षरे क़ाफ, स्वाद, बे. पुण्याच्या कसबा पेठेत कसबी कारागीर पुष्कळ असतील, पण त्या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कसरत आणि कसर यांचेही तसेच आहे. कसरत हा 'कस्रत', म्हणजे पुष्कळपणा, या शब्दावरून आला आणि त्यात 'से' आहे. हिंदीतला 'अक्सर' त्याचा नातेवाईक. कसर या शब्दात सीन आहे, मूळ अर्थ मोडणे, तुकडा, आणि त्यावरून उणीव.

अरबी शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो, हे एकदा समजले की उलट्या बाजूने नातीही सापडतात. मेहनत आणि इम्तिहान यांचा सांगाडा एक आहे: कसोटी, त्रास. कवायत हे 'कवाइद' या अनेकवचनाचे मराठी रूप, आणि त्याचे एकवचन 'काइदा', म्हणजे आपला कायदा; कवायत म्हणजे मुळात नियमांचा समूह. तालीम या शब्दाचा सांगाडा ऐन, लाम, मीम, अर्थ जाणणे. इल्म, मालूम, उलेमा हे त्याच घरातले. तालीमचा अरबी अर्थ शिकवणे एवढाच आहे. घराणेदार गायकीत तो तसाच राहिला: तालीम गुरूकडून मिळते आणि रियाज शिष्याने स्वतः करायचा असतो. नाटकवाल्यांनी तोच शब्द प्रयोगाआधीच्या सरावासाठी घेतला. कुस्तीच्या जगात तो शिक्षणावरून शिक्षणाच्या जागेवर गेला. कोल्हापुरात आणि पुण्यात तालीम म्हणजे आखाडा असलेली इमारत आणि तिच्याभोवतीची मंडळी, इतकी की पुण्यातला मानाचा तिसरा गणपती 'गुरुजी तालीम' याच नावाने ओळखला जातो. रियाज या शब्दामागे 'रियाझत' आहे. त्या धातूचा अर्थ घोडा शिकवून तयार करणे, वश करणे, आणि फारसीत त्याला तपश्चर्या हाही अर्थ होता. गवई लोक या शब्दाबद्दल जो आदर बाळगतात तो त्या अर्थाशी जुळणारा आहे.

लोकव्युत्पत्तीपासून सावध राहावे, पण ती नोंदवूनही ठेवावी. शिरस्ता हा शब्द शिर आणि रस्ता असा फोडून सांगितला जातो. खरा शब्द फारसी 'सर-रिश्ता': सर म्हणजे डोके, टोक, आणि रिश्ता म्हणजे धागा. धाग्याचे टोक, त्यावरून संबंध, त्यावरून कचेरीतले दप्तर, आणि दप्तराच्या ठरलेल्या पद्धतीवरून चालत आलेली रीत. कोर्टातला शिरस्तेदार हा दप्तराच्या अर्थाची खूण आहे, तर हिंदीतला नाते या अर्थाचा रिश्ता धाग्याची. यातली गंमत अशी की लोकांनी सांगितलेला पहिला भाग अगदीच चुकीचा नाही, कारण फारसी सर आणि संस्कृत शिरस् हे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. रस्ता मात्र तेथे कोठेच नाही. मुरब्बी या शब्दाचेही असेच. अरबीत मुरब्बी म्हणजे वाढवणारा, पालक, आणि मुरब्बा म्हणजे वाढवलेले, जोपासलेले, म्हणून साखरेत टिकवलेले फळ. दोन्ही एकाच क्रियापदाची रूपे. मराठी माणसाला मुरब्बीत मुरणे ऐकू आले, म्हणून त्याचा अर्थ आश्रयदाता यावरून अनुभवाने मुरलेला असा झाला. आणि मुरंब्यात तर मुरणे आणि आंबा दोन्ही ऐकू येतात. येथे लोकांची चुकीची फोडच शब्दाला नवा अर्थ देऊन गेली आहे, आणि ती नोंदवली नाही तर आजच्या अर्थाचा उलगडा होणार नाही.

एका सांगाड्याचे पूर्ण घर : अंमल

ही रीत एकदा पूर्ण चालवून पाहायची असेल तर अंमल हा शब्द घ्यावा. अरबी 'अमल', अक्षरे ऐन, मीम, लाम, अर्थ कृती, करणे. इल्म आणि अमल, म्हणजे ज्ञान आणि आचरण, ही इस्लामी परंपरेतली प्रसिद्ध जोडी आहे, आणि तालीम व तामील या दोन शब्दांत तीच जोडी लपलेली आहे: एकात ऐन, लाम, मीम आणि दुसऱ्यात ऐन, मीम, लाम. तालीम म्हणजे शिकवणे, हुकमाची तामिली म्हणजे तो कृतीत उतरवणे.

मराठीत अंमल शब्दाला सत्ता हा अर्थ आला, कारण ज्याचा हुकूम प्रत्यक्षात चालतो तोच राज्य करतो. म्हणून मोगलांचा अंमल, पेशव्यांचा अंमल, आणि तो चालवणारा अंमलदार. पुढे दारूचा, अफूचाही अंमल चढू लागला. शरीरावर चालणारी सत्ता, असा हा सरळ विस्तार आहे, आणि 'अंमली पदार्थ' हा कायद्यातला शब्द त्यातूनच आला. अंमलबजावणीतला दुसरा भाग फारसी 'बजा' यावरून आहे, ज्याचा अर्थ जागच्या जागी, यथायोग्य. समन्स बजावणे, कर्तव्य बजावणे, मतदानाचा हक्क बजावणे या सर्वांत तोच आहे, आणि नगारा वाजवण्याशी त्याचा संबंध नाही.

याच घरातला 'मामूल' म्हणजे केले जाते ते, नेहमीचे. त्यावरून मामुली, म्हणजे सर्वसाधारण, आणि शेवटी किरकोळ. एकमेकांशी करण्याचे काम तो 'मुआमला', आपला मामला. त्यावरून मामलत, मामलतदार, मामलेदार. महाराष्ट्रात त्या अधिकाऱ्याला आता तहसीलदार म्हणतात, पण गोव्यात मामलतदार हे पद आजही त्याच नावाने चालते. महाराष्ट्रात जुने नाव १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमात टिकले आहे, आणि वहिवाटीचा रस्ता अडवला गेला तर शेतकरी ज्या कायद्यांखाली तहसीलदाराकडे दाद मागतो त्यांत तो आहे. कृती, सत्ता, नशा, नेहमीचेपणा, खटला आणि कचेरी हे सगळे अर्थ एका 'करणे' या अर्थातून निघाले आहेत, हे अशा रीतीने पायरीपायरीने दाखवता आले तरच व्युत्पत्ती सांगितली असे म्हणावे.

व्यवहार : संस्कृतातली तीच गोष्ट

व्यवहार या शब्दाची फोड 'वि', 'अव' आणि 'हृ' अशी आहे. 'हृ' म्हणजे नेणे. त्यापासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, आणि उपसर्गाने धात्वर्थ बळेच दुसरीकडे नेला जातो असे सांगणारी जुनी कारिका (नियम सांगणारा श्लोक) याच शब्दांची उदाहरणे देते. स्मृतिकार कात्यायनाने दिलेली फोड वेगळी आहे: 'वि नानार्थेऽव संदेहे हरणं हार उच्यते । नानासंदेहहरणाद् व्यवहार इति स्मृतः ॥' नाना शंका दूर करतो तो व्यवहार. ही व्युत्पत्ती इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही, कारण 'अव' या उपसर्गाला संदेह हा अर्थ नाही. मात्र ती शब्द त्या काळी कोठे वापरला जात होता हे अचूक सांगते. धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे न्यायालयातला वाद. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त हे तीन अध्याय त्याच अर्थाने आहेत. म्हणून जुन्या ग्रंथातली फोड दोन कप्प्यांत लिहावी: शब्द कसा घडला याचा पुरावा एका बाजूला, आणि ग्रंथकाराला त्यातून काय सांगायचे होते ते दुसऱ्या बाजूला.

पैशाच्या देवघेवीला व्यवहार म्हणणे ही मराठी माणसाने केलेली अर्थाची घसरण आहे, असे काही जण मानतात. तसे नाही. पाणिनीच्या 'व्यवहृपणोः समर्थयोः' या सूत्रात 'व्यवहृ' हा 'पण्' या धातूच्या जोडीने खरेदीविक्रीच्या आणि द्यूताच्या अर्थाने आलेलाच आहे. गणितात ब्रह्मगुप्ताने २० परिकर्मे, म्हणजे मूलभूत गणिती क्रिया, आणि ८ व्यवहार सांगितले, तेथे व्यवहार म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागणारी गणनरीत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत मिश्रव्यवहार, श्रेढीव्यवहार, क्षेत्रव्यवहार, छायाव्यवहार ही प्रकरणे आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने फारसी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रचलेल्या राज्यव्यवहारकोशाच्या नावात तो राज्यकारभार या अर्थाने आला. आपल्या शाळेतला 'व्यवहारी अपूर्णांक' तर नेहमीच्या वापरातला अपूर्णांक एवढेच सांगतो.

या शब्दाच्या विशेषणांत लिहिणाऱ्यांचा गोंधळ होतो, म्हणून ती वेगळी लक्षात ठेवावीत. माणूस व्यवहारी असतो, म्हणजे देण्याघेण्यात चोख किंवा हिशेबी. शिक्षण, अडचण, ज्ञान हे व्यावहारिक असते, म्हणजे रोजच्या जगण्याशी संबंधित. योजना व्यवहार्य असते, म्हणजे अमलात आणता येण्याजोगी. 'व्यवहारिक' हे रूप चुकीचे आहे. 'इक' प्रत्यय लागताना आद्य स्वराची वृद्धी होऊन, म्हणजे 'अ'चा 'आ' होऊन, व्यावहारिक होते. व्याकरणावरून वैयाकरण होतो, मग व्यवहारावरून वैयवहारिक का होत नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतो. त्याचे उत्तर पाणिनीकडे आहे: 'स्वागतादीनां च' या सूत्राने ज्या शब्दांना वैयाकरण या रूपामागचा नियम लागू होत नाही त्यांच्या गणात, म्हणजे यादीत, व्यवहार हा शब्द घातलेला आहे.

कोणता कोश कशासाठी

संस्कृत की फारसी हे प्रथम ठरवायचे असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शब्दापुढे भाषेची खूण देते आणि म्हणी व प्रयोगही भरपूर देते. मराठीतले बारकावे आणि अवतरणे यांसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, फारसी-अरबी शब्दांसाठी माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश, आणि मुळासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश हाताशी असावा. तद्भव शब्द टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात तपासला की गुजराती, हिंदी, बंगालीतली भावंडे एकत्र दिसतात. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, टर्नर आणि उर्दूसाठी प्लॅट्स हे चारही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. दोन कोशांत दोन मुळे दिली असतील तर दोन्ही लिहून ठेवावीत, आणि ज्याच्या बाजूने ध्वनिनियम किंवा जुना लेखी प्रयोग आहे त्याकडे झुकावे.

मूळ सापडल्यावर एक नियम मात्र पाळावा. शब्दाच्या घटकांवरून निघणाऱ्या अर्थाला शास्त्रकारांनी यौगिक म्हटले आणि वापराने ठरलेल्या अर्थाला रूढ. आणि 'योगाद् रूढिर्बलीयसी', म्हणजे घटकांच्या अर्थापेक्षा रूढ अर्थ बलवान, हा निर्णयही त्यांनीच दिला. रूढ म्हणजे 'रुह्' धातूवरून उगवलेले, वाढलेले. प्रघातात घात आहे म्हणून तो अशुभ ठरत नाही, मामुलीत करणे आहे म्हणून मामुली माणूस कर्तबगार ठरत नाही. मूळ शोधायचे ते अर्थाचा प्रवास समजण्यासाठी. आज बोलणाऱ्याचा अर्थ चुकीचा ठरवण्यासाठी त्याचा उपयोग करू नये.

नोंद करताना सोबतचे क्रियापद, घटक, मूळ भाषेतली अक्षरे, सर्वांत जुना सापडलेला प्रयोग आणि आजचा अर्थ इतके लिहावे, आणि खाली काही ओळी मोकळ्या सोडाव्यात. त्या ओळी बोलणाऱ्यांसाठी आहेत. तालीम हा शब्द आखाड्यातल्या वस्तादाकडून, नाटकाच्या दिग्दर्शकाकडून आणि गाणे शिकवणाऱ्या बुवांकडून ऐकावा. वहिवाट तलाठ्याकडून आणि बांधावर भांडण झालेल्या शेतकऱ्याकडून ऐकावी. बजावणी बेलिफाकडून ऐकावी. ते ज्या वाक्यात शब्द उच्चारतील ते वाक्य तसेच, त्यांच्या बोलीसकट, तारीख आणि गाव घालून उतरवून घ्यावे.